धामणखेड्यात थेंब नाही

सारजाबाईच्या देव्हाऱ्यासमोर अकरा नारळ ओळीनं मांडलेले होते, आणि त्या ओळीला हात लावायची मुभा घरात कुणालाच नव्हती. नवऱ्याला तर मुळीच नाही. धामणखेड्यात मका काढायचा नंबर असा नारळानं लागायचा. ज्याची कणसं वाळली त्यानं यायचं, नारळ ठेवायचा, चहा प्यायचा, ऐंशी रुपये क्विंटलचा दर ऐकून दरवर्षीसारखं "लई व्हतंय वैनी" म्हणायचं आणि जायचं. मळणीचं मशीन त्याच्या खळ्यावर लागलं की तोच नारळ चाकावर फुटायचा. घेतलेला नारळ न फोडता परत देणं म्हणजे ठरलेलं लग्न मोडण्यातला प्रकार. मशीन येऊन पाच वर्षं झाली होती आणि सारजाबाईनं आजवर एकही नारळ परत केलेला नव्हता.

मशीन तिच्याच हट्टाचं. बन्सीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, त्या पैशात दोन म्हशी घ्यायच्या होत्या. तेव्हापासून मशीन बंद पडलं की बन्सी त्याला "तुझं मशीन" म्हणे आणि चार पैसे आले की "आपलं". मुलगा शिवराज मशीनला जोडलेला ट्रॅक्टर हाकायचा, सून मंजुषा कणसं टाकणाऱ्या बायांबरोबर उभी राहायची, आणि सारजाबाई वजनकाट्याजवळ बसून पोती मोजायची. ज्याचं खळं त्यानं त्या दिवशी मशीनवाल्यांना जेवू घालायचं, ही रीत. त्यामुळं गावातल्या प्रत्येक घरच्या वरणात डाळ किती आणि पाणी किती, हे सारजाबाईला तोंडपाठ होतं. ती बोलत नसे. पण कोण माणूस किती पाण्यात आहे, हे तिला त्याच्या ताटावरून कळे.

दिवाळी बारा दिवसांवर आली होती. तीन नारळ फुटले होते, आठ राहिले होते. आणि मंगळवारी दुपारी अन्सार टँकरशिवाय घरी आला.

अन्सारचं घर सारजाबाईच्या भिंतीला भिंत लावून. तो डेपोतून पंपांवर डिझेल-पेट्रोल पोचवणारा टँकर चालवायचा. आठवड्यातून एखादा दिवस गावात दिसायचा. त्याला पारावर चपला काढून निवांत बसलेला बघून साहेबराव हातातलं काम टाकून आला. साहेबराव गावातला सगळ्यात मोठा मकेवाला, आणि त्याहून मोठा काळजीवाला.

"गाडी कुठं हाय रे तुझी?"

"डेपोच्या बाहेर, लाइनीत. पाइपलाइनीचं काम काढलंय," अन्सार म्हणाला. "मुंबईकडून तेलाचा नळ येतो ना, तो आतून साफ करायचा, कुठं झिजला का बघायचा. करावंच लागतं अधूनमधून. आठ दिवस नवा माल येणार नाय. पण त्यांनी टाक्या आधीच भरून ठेवल्यात. पंपाला दोन टँकरच्या जागी एक मिळंल. बस, इतनाच है."

"म्हंजी भाव वाढणार."

"काहून वाढंल? भाव डेपोवाला ठरवतो व्हय? बोर्डावर ब्याण्णव हाय, ब्याण्णवच राहणार. फकस्त समदे एकदम पळू नका पंपावर."

अन्सारनं सगळं नीट सांगितलं होतं. गावानं त्यातलं "माल येणार नाय" एवढंच घरी नेलं. दिवेलागणीला डिझेल एकशे दहा झालं होतं, जेवणं होईस्तोवर एकशे चाळीस, आणि झोपताना कुणीतरी म्हणालं की दिवाळीपर्यंत दीडशेच्या खाली मिळतच नाही. हे सगळे भाव धामणखेड्यातच निघाले. शिवराजच्या मोबाईलवर शहरातल्या क्रांती चौकातल्या पंपावरच्या रांगेचा व्हिडिओ आला. त्यानं तो आईला दाखवला. सारजाबाईनं चष्मा लावून दोनदा बघितला.

"ह्या उकाड्यात स्वेटर कोण घालतं रे? मागच्या का त्याच्या मागच्या हिवाळ्यातला दिसायलाय. झोप जा."

शिवराज झोपला. गाव मात्र झोपलं नाही.

फाट्यावरच्या पंपावर कॅनमध्ये डिझेल मिळत नसे. तशी पाटीच होती. म्हणून ट्रॅक्टर न्यायचा, टाकी भरायची, घरी यायचं, टाकीत नळी घालून तोंडानं ओढायची, डिझेल घरातल्या भांड्यात उतरवायचं आणि परत फाट्यावर जायचं. ज्या ट्रॅक्टरांना एरवी धक्का मारल्याशिवाय शेत दिसत नसे, ते बुधवारी तीन-तीनदा फाट्यावर जाऊन आले. गुरुवारी दुपारी पंपानं "एका गाडीला हजाराचंच" असं खडूनं लिहिलं. शुक्रवारी सकाळी रांग रस्त्याच्या वळणापर्यंत आली.

सारजाबाईनं घाई केली नव्हती. अन्सारच्या शब्दावर तिचा भरवसा होता आणि मशीन रात्रंदिवस चालू होतं. पण दोन खळी उरकल्यावर शिवराजनं ट्रॅक्टरच्या टाकीत काठी घालून बघितली आणि मान हलवली. फार तर अठरा लिटर.

"तुमी जाऊन या फाट्यावर," तिनं बन्सीला सांगितलं. "लवकर जा म्हंजी लवकर याल."

बन्सी सकाळी सातला गेला तो दुपारी दोनला आला. टोपी मानेवर, चेहरा लाल, पण ऐट जिंकून आल्याची. "आणलं! रांगेत पाच घंटे उभा राहिलो, पण हजाराचं घेऊनच आलो. पोलिसपाटलाच्या पोराला बी माझ्या मागं ठेवलं."

सारजाबाईनं काठी टाकीत घातली, वर काढली. सकाळी ओल जिथं होती, जवळपास तिथंच होती.

"अकरा लिटर कुठं गेलं?"

"कुठं जातंय? टाकीतच हाय."

शिवराज एकदम म्हणाला, "बाबा, रांगेत इंजिन बंद केलं व्हतं ना?"

बन्सी खाकरून म्हणाला, "सेल्फ लागत नाय हे ठावं नाय का तुला? बंद केलं असतं तर चालू कोण करणार व्हतं? तिथं उतार नाय. पंपावर काय धक्का मारायला बसलेत माणसं?"

गेले दोन महिने ट्रॅक्टर अंगणाच्या उतारावर लावायचा आणि सोडून देऊन चालू करायचा, अशी त्या घराची सोय होती. बन्सीनं तो पाच तास चालू ठेवून हप्त्याहप्त्यानं पुढं सरकवला होता. जाता-येता चार लिटर, रांगेत सहा. हजार रुपये देऊन आणि पाच तास उन्हात उभं राहून घरात आलेलं निव्वळ डिझेल लिटरभरसुद्धा नव्हतं.

मंजुषा तोंडाला पदर लावून चुलीकडं पळाली. सारजाबाई हसली नाही. ती ओसरीवर टेकली आणि देव्हाऱ्याकडं बघत राहिली. सहा नारळ राहिले होते.

"तुझं मशीन आता उभंच राहणार दिवाळीपर्यंत," बन्सी पाय धूत म्हणाला. "लोकायचे नारळ देऊन टाक. तोंड गोड असताना दिलेले बरे."

"नारळ परत जाणार नाय."

"मग मशीन काय पाण्यावर चालवणार?"

डोकं चालेनासं झालं की ती भाकरी थापायला बसायची, तशी आत्ताही बसली. त्या दिवशी घरात गरजेपेक्षा दहा भाकरी जास्त झाल्या.

शनिवारी सकाळी पळसगावचा काकासाहेब आपली दोन मशीनं घेऊन वेशीत उभा राहिला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. त्यानं कुठूनतरी दोन बॅरल डिझेल भरून ठेवलं होतं. ज्याला ट्रॅक्टरपुरतं हवं त्याला एकशे तीसनं लिटर, आणि मका काढायची तर एकशे चाळीस रुपये क्विंटल.

"डिझेल म्हाग झालंय, मी तरी काय करू?" तो पारावर हात उडवून सांगत होता.

सारजाबाईच्या कानावर हे आलं तेव्हा ती गोवऱ्या रचत होती. क्विंटलभर मक्याला डिझेल पाव लिटरसुद्धा लागत नाही, हे तिला पाच हंगामांत कळलं होतं. डिझेल अडतीस रुपयांनी वाढलं तरी क्विंटलमागं आठ-नऊ रुपये वाढतात. काकासाहेबानं साठ वाढवले होते. उरलेले पन्नास त्यानं भीतीचे लावले होते, आणि भीती ऐन उठावात होती. कारण आभाळ भरून आलं होतं. उघड्यावर पडलेल्या कणसांवर ताडपत्र्या ओढून लोक वर बघत बसले होते. दोन पाऊस झाले तरी कणसांना बुरशी धरणार, आणि मग मोंढ्याच्या बाजारात व्यापारी दाणा हातात घेऊन नाक मुरडणार.

दुपारी साहेबराव आला. त्याचा नारळ ओळीत पहिला होता. तो दारात उभा राहिला, हवेबद्दल बोलला, बन्सीच्या तब्येतीबद्दल बोलला, म्हशीच्या दुधाबद्दल बोलला, आणि तेवढ्या वेळात तीनदा देव्हाऱ्याकडं बघून घेतलं.

"बसा की भावजी. चहा घ्या."

"नको नको. जरा काम व्हतं. म्हंजी… आभाळ बगा ना वैनी. तुमचं मशीन उभं हाय. मला काय, तुमच्याच मशीनवर काढायची हाय. पण घरची मागं लागलीय."

"पंपावरून तुमी बी आणलं असंल ना थोडंफार?"

"कुठलं वैनी! थेंब नाय घरात. देवाशप्पत. मेहुण्यानं मागितलं काल, त्याला बी नायच म्हणावं लागलं."

मंजुषानं चहा दिला. साहेबरावानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "चहाला कसला वास यायलाय ग?"

सारजाबाईनं तोच चहा प्याला होता. चहाला आल्याशिवाय कसलाही वास नव्हता. तिनं साहेबरावाकडं जरा वाकून बघितलं. वास त्याच्या मिशांना होता. नळी तोंडात धरून ओढल्याशिवाय मिशांना तसा वास लागत नाही.

"तुमच्याच तोंडाला यायलाय जणू भावजी."

"दात… दाढ दुखायलीय. लवंगेचं तेल लावलंय."

"लवंगेचंच असंल," सारजाबाई म्हणाली. "उद्या सांजपर्यंत थांबा. तवर मशीन तुमच्या खळ्यावर आलं नाय, तर नारळ माझ्या हातानं घरी आणून देते."

साहेबराव गेला. हे बोललो खरं, पण कशाच्या जिवावर, असं सारजाबाईच्या मनात आलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खिशात नसलेली नोट दुकानात मोडायला काढली होती.

तेवढ्यात मधल्या दारानं हसीना आली. हसीना म्हणजे अन्सारची बायको. तिच्या दोन म्हशी होत्या, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायची. आज तिच्या हातात दूध होतं ते कुकरात.

"सारजाभाभी, एक कॅन द्या हो. डेअरीवाला हसायलाय मला. म्हणतो, हसीनाबी, दूध घालायला आलीस का खिचडी शिजवायला?"

"तुझी कॅन कुठं गेली?"

हसीनानं आवाज खाली आणला, पण राग खाली येईना. "डिझेल भरलं न तिच्यात आमच्या माणसानं! दुनियेला सांगितलं काय व्हत नाय, काय व्हत नाय. अन सोता वीस लिटर आणून ठेवलं. मी म्हणलं, का हो, तुमीच म्हणला ना घाबरू नका? तर म्हणतो, मी घाबरलो नाय, पण समदे भरायलेत तर मी एकटाच कोरडा राहू का?"

मंजुषाला आता राहवेना. "आत्याबाई, साहेबरावकाकाच्या घरी पाण्याच्या दोन घागरी भरल्यात. काकू सांगत व्हती. तिकडं वरच्या आळीला एकीच्या चकलीच्या तेलाचा डबा बी गेलाय. अन उद्या नळ येणार. पाणी काय पदरात भरायचं का, म्हणून बाया नुसत्या चिडल्यात."

नळ गावात चार दिवसांनी यायचा. ज्याची भांडी रिकामी त्याला पाणी. बाकीच्यांनी चार दिवस विहिरीवर चकरा मारायच्या.

सारजाबाई उठली. गोठ्यामागं दोनशे लिटरचं एक मोकळं बॅरल पडलं होतं, ते तिनं स्वतः लोळवत अंगणात आणलं. "मंजुषा, वही अन पेन घे. हसीना, तुझं लिटरचं दुधाचं माप अन नाळकं आण. उद्या नळ यायच्या आत घरोघर जायचं. माणसायशी बोलायचं नाय, बायायशी बोलायचं. म्हणावं, भांडं मोकळं करून मिळंल. जितकं लिटर तितकं वहीत. मळणीच्या पैशातून ब्याण्णवच्या भावानं वजा. बोर्डावरचा भाव, पैसा कमी नाय, पैसा जास्ती नाय. अन मळणी ऐंशीच."

"अन काका लोक वरडले तर?" मंजुषानं विचारलं.

"कशावर वरडतील? त्यायच्याकडं तर थेंब नाय."

हसीना कुकर खाली ठेवून हसायला लागली ती थांबेचना.

"एक बी घर सोडायचं नाय," सारजाबाईनं सुनेला बजावलं. "ज्या घरात भांडं अडकलंय ते समदं मोकळं करायचं."

रविवारी सकाळी आठला धामणखेड्याच्या पुरुषांनी पारावर बैठक धरली. विषय एकच. दोन-तीन जणांनी सरकारला दोष दिला, एकानं परदेशातल्या लढायांना दिला. साहेबराव दाढ दाबून बसला होता. काकासाहेब मधोमध खुर्ची टाकून, अजून दहा मिनिटांत कोण आपल्याकडं येतो याचा अंदाज घेत होता. बन्सीही होता, जरा कडेला.

आणि त्यांच्यासमोरून बायका चालल्या होत्या. डोक्यावर घागरी, कळश्या, कॅना. एकीच्या डोक्यावर झाकणाला फडकं बांधलेला स्टीलचा डबा. एकामागं एक, ताठ मानेनं, पाण्याला निघाल्यासारख्या. एवढंच की पाण्याला जाताना भांडी रिकामी असतात आणि चाल हलकी असते. ह्यांच्या माना जडावल्या होत्या आणि येताना भांडी हातात हलत होती. हा फरक पारावरच्या पंधरा माणसांतल्या एकाच्याही ध्यानात आला नाही. साहेबरावाची बायको दोन घागरींची उतरंड घेऊन त्याच्यापासून चार हातांवरून गेली. साहेबराव पाय आखडून घेत म्हणाला, "नळ आला वाटतं," आणि पुन्हा सरकारकडं वळला.

अंगणात सारजाबाईनं चूल विझवून टाकली होती आणि विडी ओढणाऱ्याला फाटकाच्या आत यायला बंदी होती. हसीना मापानं मोजून नाळक्यातून बॅरलात ओतत होती, मंजुषा लिहीत होती. ज्या बाईचं भांडं मोकळं झालं ती ते उलटं करून झटकायची, भुसा घालून पुसायची, सोड्यानं घासायची आणि जाताना म्हणायची, "आमच्या घरच्याला सांगू नका हो." सगळ्याजणी हेच म्हणाल्या. सारजाबाई प्रत्येकीला हेच सांगत होती की आपण कशाला सांगू.

साडेनऊला शिवराजनं ट्रॅक्टर उतारावरून सोडला. इंजिन खोकललं, धडधडलं. पारावरच्या बैठकीनं सरकारला तिथंच सोडलं आणि आवाजाकडं कान लावला.

"सारजावैनीला डिझेल कुठून मिळालं?" कुणीतरी विचारलं.

काकासाहेब खुर्चीवरून अर्धा उठला.

मशीन साहेबरावाच्याच खळ्यावर लागलं. त्याला आधी आनंद झाला. नारळ त्यानंच फोडला. मग कसलीशी शंका येऊन तो घरात गेला आणि माळवदाखालच्या अंधाऱ्या खोलीत त्यानं घागरीत बोट घातलं. बोट ओलं झालं, पण वास आला नाही. त्यानं चव घेतली. पाणी. दुसरी घागर, पाणीच. दारात बायको उभी होती.

"प्यायचं पाणी हाय ते. बोटं काय घालता त्यात?"

साहेबरावानं बोट धोतराला पुसलं. ओरडावं तर सगळं गाव खळ्यावर जमलेलं, त्यात मेहुणाही आलेला. तो बाहेर आला, टोपलं उचललं आणि मशीनच्या तोंडात कणसं अशी टाकू लागला की शिवराजला ओरडावं लागलं, "काका, सावकाश! मशीन गुदमरंल!"

मग तीन दिवस धामणखेड्यात धूळ, भुसा आणि मक्याचा कोवळट वास याखेरीज काही उरलं नाही. पोरीबाळींच्या केसांत भुसा, माणसांच्या भुवयांवर भुसा, भाकरीत भुसा. ज्यांनी डिझेल घातलं होतं ते एकमेकांच्या खळ्यावर कणसं ओढायला जात होते, कारण आपलं डिझेल बॅरलमधून संपायच्या आत मशीन आपल्याकडं यावं, ही प्रत्येकाची निकड होती. एवढी भावकी त्या गावात लग्नातही दिसली नव्हती. जेवणंसुद्धा सुधारली. साहेबरावाच्या घरी वरणात डाळ लागली. सारजाबाईनं दुसऱ्यांदा वाढून घेऊन खात्री केली. बन्सी पोती शिवायला बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आपलं मशीन" कसं पळायलंय ते सांगू लागला. काकासाहेबाला पहिल्या दिवशी नारळ न ठेवलेली दोन खळी मिळाली, दुसऱ्या दिवशी एकही नाही. सोमवारी संध्याकाळी त्याची मशीनं वेशीबाहेर पडली, मागं बॅरल हिंदकळत.

शेवटचा ढीग अन्सारचा. मंगळवारी दुपारी चारला वाऱ्यानं ताडपत्री उडाली आणि टपोरे थेंब पडायला लागले. कुणी कुणाला हाक मारली नाही, सगळे धावले. अन्सारनं लुंगी खोचून टोपली भरली, हसीनानं पोत्यांवर गोधड्या टाकल्या, शिवराजनं मशीनचा वेग वाढवला. शेवटचं पोतं ओट्यावर चढलं आणि मग पाऊस नीट पडायला लागला. अकरावं खळं झालं होतं. सारजाबाई भिजली तरी जागची हलली नाही. केसांतला भुसा तिच्या कपाळावरून ओघळत होता आणि ती ओठ दाबून उभी होती. तोंड उघडलं तर हसू फुटेल, अशी.

सगळेजण तिच्या ओसरीत जमले. हिशोब झाल्याशिवाय कुणी घरी जाणार नव्हतं. तेवढ्यात अन्सारचा फोन वाजला. त्यानं ऐकलं, "हौ, हौ" केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "तेलाचा नळ चालू झाला. उद्या माझी गाडी भरणार. अन फाट्याच्या बोर्डावर काय भाव हाय सांगू?"

"किती?"

"ब्याण्णव. गेल्या मंगळवारी व्हता तोच. एक दिस बी बदलला नाय."

ओसरीत कुणाची नजर कुणाला भेटेना. सारजाबाईनं वही मांडीवर घेतली.

"मळणीचे पैसे समद्याचे मांडलेत. आता डिझेल ज्यानं दिलं त्यानं आपलं आपण सांगायचं, म्हंजी वजा करते. ज्याच्याकडं थेंब नव्हता त्यानं पुरं द्यायचं."

पाऊस पत्र्यावर वाजत राहिला. साहेबरावानं घसा साफ केला. मेहुणा त्याच्याकडं बघत होता.

"माझं… असंल थोडं. पस्तीस."

"किती?" मेहुणा म्हणाला.

"पस्तीस लिटर! घागरीत व्हतं! काय करायचं ते कर!"

पहिलं हसू त्याच्या बायकोचं. मग बांध फुटल्यासारखे सगळे बोलायला लागले. कुणाचं तीस, कुणाचं पंचवीस, कुणाचं चकलीच्या डब्यातलं अठरा. मेहुण्याचंही सतरा निघालं, तेव्हा साहेबराव उठून नाचायचाच राहिला. अन्सारनं हात वर करून "मेरा भी बीस" म्हटल्यावर तर ओसरीतली माणसं एकमेकांवर पडली. सारजाबाई एकेका नावापुढं खूण करत गेली आणि शेवटाला बेरीज करून थांबली.

"एकशे साठ व्हतायत. बॅरलात काठीनं एकशे ऐंशी भरलं व्हतं. वीस लिटर कुणाचं सांगायचं राहिलं?"

तिनं सुनेकडं बघितलं. मंजुषा जमिनीवरचा भुसा बोटानं गोळा करत होती.

"लिहायचं राहिलं का ग?"

"लिहिलंय आत्याबाई. शेवटच्या पानावर हाय."

"कुणाचं?"

"आपलंच. गोठ्यात, वैरणीच्या मागं कॅन व्हती. तुमीच म्हणलात, एक बी घर सोडायचं नाय."

सगळ्या माना बन्सीकडं वळल्या. बन्सी पत्र्याची गळती शोधत होता.

सारजाबाईनं पेन कानाला लावलं. गावातल्या झाडून सगळ्या घरांचा तिनं वास घेतला होता, फक्त आपल्या गोठ्याचा घेतला नव्हता. "कुठून आणलं?"

"घेतलं."

"कुणाकडून?"

बन्सीनं उत्तर दिलं ते इतकं हळू की हसीनाला पुढं सांगावं लागलं. "काकासाहेबाकडून म्हणतात."

"म्हंजी एकशे तीसनं!" साहेबराव ओरडला.

"अन पैसे?"

"आपल्या दुधाचे डेअरीतून आले व्हते शुक्रवारी," बन्सी म्हणाला. मग एकदम चिडून, "मग काय करू? पाच घंटे उन्हात उभं राहून वाटीभर डिझेल आणलं, घरात सून हसली. अन तू देव्हाऱ्याकडं बघत बसलेली. भाकरी थापत व्हतीस नुसती. म्हणलं, शेवटच्या खळ्याला अडलं तर काढून देऊ. गावासमोर देऊ. तर हिनं आधीच ओतून टाकलं."

सारजाबाईनं वही डोळ्यांजवळ नेली, जरा जास्तच जवळ. लिहायला तिला नेहमीपेक्षा वेळ लागला. "बन्सी. वीस लिटर. दर ब्याण्णव," तिनं मोठ्यानं वाचलं.

"वैनी, त्याला तरी एकशे तीस धरा हो," साहेबराव म्हणाला. "गरिबाचे साडेसातशे बुडायलेत."

"धरते की. एकाला धरलं म्हंजी समद्याला एकशे तीस धरावं लागंल. मग मळणी बी काकासाहेबाच्या भावानं. एकशे चाळीस. चालंल?"

"ब्याण्णव!" सगळी ओसरी एका आवाजात ओरडली. "ब्याण्णवच बरोबर हाय!"

आणि त्यात बन्सीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.